नांदेड–हैदराबाद विमान: अंतर 245 किलोमीटर, हवेत 35 मिनिटं, घर ते घर चार तास

नांदेडहून हैदराबादला विमानाने किती वेळ लागतो? अंतर काढून देणारी संकेतस्थळं सांगतात, पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. तिकिटावर साधारण तासाभराचा आकडा छापलेला असतो. आणि शिवाजीनगरातल्या घराला कुलूप लावून अमीरपेठेतल्या नातेवाइकाच्या दारात उभं राहीपर्यंत घड्याळात चार तास गेलेले असतात. तिन्ही आकड्यांचं मोजणं वेगवेगळं. हे परीक्षण कुठल्या एका विमान कंपनीचं नाही. कंपन्या येतात, जातात, वेळापत्रक दर ऑक्टोबर-अखेर आणि मार्च-अखेर बदलतं. न बदलणाऱ्या गोष्टी म्हणजे अंतर, धावपट्टी आणि हैदराबादचा विमानतळ जिथे आहे ते शमशाबाद. परीक्षण त्यांचं आहे.

आधी अंतर. नांदेडचा श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळ ते शमशाबादचा राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 245 किलोमीटर भरतं. वैमानिक सागरी मैलात बोलतात, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणून त्यांच्या कागदावर हेच अंतर 132 दिसतं. एखाद्या संकेतस्थळावर 132, दुसऱ्यावर 152 (साधे मैल) आणि तिसऱ्यावर 245 दिसलं तर गोंधळू नका, एकच गोष्ट आहे.

गोंधळ होतो तो नावांनी. शोधताना गावाचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका: नांदेड एनडीसी, हैदराबाद एचवायडी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, पुणे पीएनक्यू, लातूर एलटीयू. नुसतं ‘औरंगाबाद’ टाकलंत तर काही साधनं बिहारमधलं औरंगाबाद उचलतात, आणि नुसतं ‘हैदराबाद’ टाकल्यावर सिंधमधलं हैदराबाद निघाल्याचीही उदाहरणं आहेत. आकडा भलताच मोठा दिसला की पहिला संशय नावावर घ्यायचा. दुसरी खोच अशी की काही साधनं शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात. नांदेडला त्याने फरक पडत नाही, विमानतळ गावाला लागूनच आहे. शमशाबाद मात्र जुन्या शहराच्याही दक्षिणेला, मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. तेवढं अंतर विमान उडतंही जास्त आणि नंतर तुम्ही टॅक्सीने उलटं परत येताही.

आता ती पंचेचाळीस-पन्नास मिनिटं कुठून येतात ते पाहू. बहुतेक साधनांचा हिशेब ठोकळ असतो: अंतराला ताशी 800 ने भागा, वर चढण्या-उतरण्याची 30 मिनिटं मिळवा. 245 भागिले 800 म्हणजे 18 मिनिटं, अधिक 30, झाली 48. दिल्लीच्या अंतराला हे सूत्र ठीक चालतं. अडीचशे किलोमीटरला उत्तर हवेतल्या वेळेपेक्षा जास्त आणि तिकिटावरच्या तासापेक्षा कमी येतं, शिवाय या टप्प्यावर विमान ताशी 800 चा वेग गाठतच नाही.

प्रत्यक्षात असं घडतं. 2024 मध्ये नांदेडची सेवा पुन्हा सुरू झाली ती 76 आसनी एम्ब्रेयर ई-175 जेट विमानांनी. असं जेट इतक्या जवळच्या टप्प्याला 35 हजार फुटांवर जात नाही, वीस हजाराच्या आसपास थांबतं. तिथवर चढायला नऊ-दहा मिनिटं जातात आणि तोवर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर मागे पडलेले असतात. उतरण्याचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. शमशाबादची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर आहे, म्हणजे उतरायचे अठरा हजार फूट, गुणिले तीन, 54 सागरी मैल, बरोबर 100 किलोमीटर. 245 मधून 85 आणि 100 वजा करा. सरळ, समतल उडायला उरतात साठ किलोमीटर, पाच मिनिटांचं काम. उतरतानाचा शेवटचा भाग संथ असतो, त्यामुळे उतरण्याला पंधरा-सोळा मिनिटं धरा. बेरीज तीसेक मिनिटं, थोडी वळणं धरून एकूण हवेतला वेळ बत्तीस ते पस्तीस मिनिटं.

हाच हिशेब पंख्याच्या एटीआर-72 ला लावला तर? ते सोळा-सतरा हजार फुटांपर्यंत जातं, चढायला चौदा मिनिटं घेतं, वरती ताशी पाचशेच्या आतबाहेर चालतं. एकूण चाळीस-बेचाळीस मिनिटं. म्हणजे जेट आणि पंख्याचं विमान यांत फरक पडतो सात-आठ मिनिटांचा. ‘अरे, छोटं पंख्याचं विमान आहे, फार वेळ लागेल’ ही तक्रार दिल्लीच्या प्रवासात रास्त आहे. संभाजीनगर ते दिल्ली हवाई अंतर 980 किलोमीटरच्या पुढे आहे आणि तिथे फरक पाऊण तासावर जातो. हैदराबादला जाताना ही तक्रार करण्यात अर्थ नाही. विमान कुठलं यापेक्षा सुटण्याची वेळ कुठली हे बघून तिकीट काढा.

दोन्ही विमानांत आसनं दोन-दोनच्या ओळींत असतात, मधलं आसन नावाला नाही. एटीआरच्या पंख्याला समांतर असलेल्या ओळी आवाजी असतात, मागच्या ओळी त्या मानाने शांत. एटीआरला प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामान पुढच्या भागात जातं, त्यामुळे मागच्या ओळीतला माणूस आधी उतरतो. इतर विमानांची सवय असलेले लोक हमखास पुढची जागा मागून घेतात आणि उतरताना सगळ्यात शेवटी राहतात.

खिडकीतून काय दिसतं ते सांगायला हवं, कारण अंतर कळायला याहून चांगली खूण नाही. नांदेड–हैदराबाद सरळ रेषा काढली तर तिच्या जवळपास मधोमध निजामसागर येतो. बीडच्या बालाघाटात उगम पावलेली, लातूरकरांची तहान भागवता भागवता आटणारी मांजरा तेलंगणात शिरल्यावर या धरणात अडवली आहे. पावसाळ्यानंतर, हवा स्वच्छ असताना, पाण्याचा फाटे फुटलेला पसरट आकार आणि त्याला काटकोनात घातल्यासारखी भिंत स्पष्ट दिसते. ती दिसली की समजायचं, अर्धं अंतर झालं. आणि ती मागे पडते न पडते तोच इंजिनाचा आवाज खाली येतो, कानात दडे बसू लागतात, विमान उतरायला लागलेलं असतं. पुढे उजव्या खिडकीतून लांबवर सिंगूरचं पाणी दिसतं, तीही मांजराच. ज्याला फोटो काढायचे त्याने उजवी बाजू घ्यावी. नाश्त्याची वाट बघणाऱ्याने घरूनच खाऊन निघावं. पाच मिनिटांच्या समतल उड्डाणात कर्मचारी पाण्याची बाटली देऊन परत गोळा करतात हेच खूप.

सरळ रेषेचं गणित इथवर. विमान सरळ रेषेत जात नाही ते धावपट्टीमुळे. नांदेडची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम, शमशाबादच्याही पूर्व-पश्चिम, आणि जायचंय आग्नेयेला. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि तोंडावरच उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून नांदेडहून ते आधी पश्चिमेकडे उडतं, म्हणजे हैदराबादकडे पाठ करून, मग डावीकडे वळतं. शमशाबादला पोचलं की पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं, म्हणून विमानतळाच्या पूर्वेला जाऊन वळून यायचं. या दोन वळणांत तीस-चाळीस किलोमीटर सहज वाढतात. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असेल तर दोन्हीकडचे वळसे कमी होतात. म्हणून एकाच विमानाला जुलैत 40 मिनिटं आणि जानेवारीत 33 मिनिटं लागली, तर त्यात वैमानिकाची हुशारी किंवा ढिलाई शोधू नका.

तिकिटावर छापलेला तास गेट ते गेट असतो. विमानाची चाकं हलली तिथपासून, पलीकडे थांबली तिथपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, शमशाबादला उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचा लांबलचक फेरा, आणि मोठ्या विमानतळावर रांगेत थांबावं लागेल म्हणून कंपनीने आधीच घातलेली पाच-दहा मिनिटांची भर, हे सगळं त्यात. या भरीमुळेच दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ पोचतं. तिला फसवणूक म्हणणारे म्हणोत. पुढचं विमान पकडायचं असणाऱ्याला ही भर उपयोगीच आहे.

आता घर ते घर. नांदेड शहरातून विमानतळ ऑटोने वीस मिनिटं. सुटण्याच्या सव्वा तास आधी पोचा: बहुतेक कंपन्यांचा सामान घेण्याचा काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतो आणि गेट 25 मिनिटं आधी. छोट्या विमानतळावर ‘थांबा, एक माणूस येतोय’ चालतं असा समज आहे. चालत नाही. एकाच विमानाचे कर्मचारी काउंटर बंद करून सुरक्षा तपासणीच्या पलीकडे गेटवर जातात, काउंटरवर माणूसच उरत नाही. मग गेट ते गेट एक तास. शमशाबादला उतरून चालणं आणि बॅग, पंचवीस मिनिटं. तिथून अमीरपेठ किंवा सिकंदराबाद टॅक्सीने तास. बेरीज 240 मिनिटं. चार तासांपैकी हवेत पस्तीस मिनिटं, म्हणजे सातवा हिस्सा.

मोटारीने हाच प्रवास देगलूर, पिटलम, संगारेड्डी असा अकोला–संगारेड्डी राष्ट्रीय महामार्गाने, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पाच तास. रेल्वेने मुदखेड, बासर, निजामाबाद, कामारेड्डी करत सिकंदराबाद, अजिंठा किंवा देवगिरीसारख्या गाडीने पाच ते सहा तास. म्हणजे हैदराबाद शहरातच काम असेल तर विमानाने वाचतो तास, फार तर दीड. त्या एका तासासाठी जे भाडं मोजायचं त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. चौघांचं कुटुंब, दोन मोठ्या बॅगा, लग्नाचा बस्ता, असा मामला असेल तर मोटार बरी. माधापूर, गच्चीबावली या भागात जायचं असेल तर मात्र पारडं विमानाकडे झुकतं, कारण शमशाबादहून बाह्यवळण रस्त्याने चाळीस-पन्नास मिनिटांत पोचता येतं, शहराची गर्दी लागत नाही. एकट्या माणसाला टॅक्सीपेक्षा ‘पुष्पक’ ही विमानतळाची वातानुकूलित बस स्वस्त पडते, पण तिला वेळ जास्त लागतो, म्हणजे वाचवलेला तास तिथे परत गेला.

या टप्प्याची खरी किंमत वसूल होते ती हैदराबादहून पुढे जायचं असेल तेव्हा. दुबई, दोहा, सिंगापूर किंवा कोलकाता, भुवनेश्वर गाठायचं आहे. रेल्वेने गेलात तर सिकंदराबादला उतरून पुन्हा शमशाबादला जायला तास-सव्वा तास, म्हणजे नांदेड ते शमशाबाद सात तास, त्यात गाडीच्या उशिराची धास्ती. विमानाने हेच अंतर घरापासून अडीच-पावणेतीन तासांत. सरळ चार तासांची बचत, आणि उतरायचं त्याच टर्मिनलमध्ये. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरच्या उत्तर भागातल्या, आखातात कामाला असणाऱ्या किंवा परदेशी मुलांकडे जाणाऱ्या लोकांना ही सेवा जेवढी उपयोगाची आहे तेवढी कामासाठी हैदराबादला जाणाऱ्याला नाही.

त्यात एक अट. पुढचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे का ते बघा. असेल तर बॅग नांदेडला दिली की थेट शेवटच्या ठिकाणी मिळते आणि पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर शमशाबादला बॅग उतरवून घ्या, बाहेर या, पुन्हा रांगेत लागा. देशांतर्गत जोडणीला अशा वेळी तीन तासांचं अंतर ठेवा, परदेशी विमानाला पाच. स्वतंत्र तिकिटावर दोन तासांची जोडणी घेणारा माणूस पैजेवर प्रवास करतो.

बिघडतं कुठे ते आता. छोट्या विमानतळावरचा उशीर बहुधा तिथला नसतोच. एकच विमान दिवसभरात चार-सहा टप्पे करतं. सकाळी दुसऱ्याच गावी चाळीस मिनिटं गेली की ती पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चढत जातात, संध्याकाळपर्यंत दीड तास होतात. म्हणून पर्याय असेल तर दिवसातलं पहिलं उड्डाण घ्या, आणि दुपारचं असेल तर घरून निघण्याआधी विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर ‘आपलं’ विमान न बघता ‘येणारं’ विमान बघा. नांदेडला जे विमान यायचं आहे ते मागच्या गावाहून सुटलं का? सुटलं नसेल तर मोबाइलवर ‘वेळेवर’ लिहिलेलं असलं तरी ते वेळेवर नाही. उतरलेलं विमान पुन्हा सुटायला किमान पंचवीस-तीस मिनिटं लागतात, त्यावरून स्वतःच वेळ काढता येते.

दुसरं, दिसणं. ज्या धावपट्टीला उपकरणांच्या आधाराने उतरवण्याची यंत्रणा आहे तिथे साधारण 550 मीटर दृश्यमानतेतही विमान उतरतं. ज्या ठिकाणी नुसत्या नजरेवर उतरायचं असतं तिथे नियमाने पाच किलोमीटर दिसावं लागतं. हा फरक फार मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठी सकाळी जे पांढरं धुरकट पसरतं, ते जमिनीवरून ‘काही विशेष नाही’ वाटतं, पण वैमानिकाला त्यातून पाच किलोमीटरपर्यंतचं दिसत नाही. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की मोकळं होतं. म्हणजे वर सांगितलेला पहिल्या उड्डाणाचा सल्ला थंडीतल्या दोन महिन्यांना लागू नाही. तेव्हा दहा-अकराचं उड्डाण सगळ्यात भरवशाचं.

तिसरं, मे महिना. उष्ण हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही कमी जोर देतं. संभाजीनगरच्या चिकलठाण्याची धावपट्टी 1,911 फुटांवर आहे. 42 अंशांच्या दुपारी ती विमानाच्या लेखी साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी वागते. चिकलठाण्याची धावपट्टी 2,800 मीटरहून लांब आहे, तिथे निभावतं. नांदेडची 2,300 मीटर, पण उंची कमी, साडेबाराशे फुटांच्या आसपास. विमान उडतं, पण वजनावर बंधन येऊ शकतं, आणि ते पहिलं सामानावर येतं. ‘बॅग पुढच्या विमानाने येईल’ हे वाक्य मे महिन्यात जास्त ऐकू येतं त्याचं कारण हे. वर दुपारी दोन ते सहा या वेळात तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत आणि वळवाचे ढग. इतक्या कमी उंचीवरचा, पस्तीस मिनिटांचा प्रवास त्यातच जातो, वर निघून जायला वाव नसतो. ज्यांना हादऱ्यांनी मळमळतं त्यांनी उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यावं आणि पंखाजवळची जागा मागावी. तिथे सगळ्यात कमी हलतं.

भाड्याचा आणि अंतराचा संबंध इथे समजून घेण्यासारखा आहे. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणं निघाली त्यांत नांदेड–हैदराबाद होतं, शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्या जोडीला. योजनेत विमानातल्या ठरावीक जागांचं भाडं बांधलेलं होतं, तासाभराच्या म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला 2,500 रुपये, अंतर कमी तसा आकडा खाली. कंपनीला पडणारी तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. या मुदतीनंतर टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही की सेवा गळते. नांदेडने हे पाहिलं आहे: विमान सुरू, बंद, पुन्हा सुरू. 245 किलोमीटरच्या टप्प्याला ही दुखणी जास्त, कारण उतरण्या-चढण्याचा, विमानतळाचा, कर्मचाऱ्यांचा खर्च लांबच्या टप्प्याएवढाच आणि भाडं मात्र बसशी तुलना होणारं. म्हणून चार महिन्यांनंतरचं लग्न धरून या टप्प्याचं तिकीट काढत असाल तर रेल्वेचं आरक्षणही हाताशी असू द्या.

शेजारचे टप्पे थोडक्यात. लोक सर्वाधिक विचारतात तो नांदेड–संभाजीनगर. हवाई अंतर सुमारे 215 किलोमीटर, रेल्वेने 235. इतका कमी फरक क्वचित पाहायला मिळतो. एटीआरला हवेत 35 मिनिटं लागतील, गेट ते गेट 50. पण घर ते घर मांडा: वीस मिनिटं ऑटो, सव्वा तास आधी, पन्नास मिनिटं विमान, पंधरा मिनिटं बॅग, चिकलठाण्याहून गावात अर्धा तास. तीन तास दहा मिनिटं. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत नांदेडपर्यंत आली आहे, ती संभाजीनगरला सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते, तेही परभणी, जालन्याचे लोक घेत. बरोबरी झाली. या टप्प्यावर विमान हवं ही मागणी सभांमधून होत राहील, हिशेबात ती बसत नाही.

संभाजीनगर–मुंबई 279 किलोमीटर, पण गेट ते गेट तास-सव्वा तास, कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकीवरच काम चालतं. घिरट्या घालाव्या लागल्या की दहा-पंधरा मिनिटं गेली. गंमत अशी की दिशा सोयीची आहे: पश्चिम वाऱ्यात मुंबईला पूर्वेकडून सरळ उतरता येतं, वळसा नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस मुंबईच्या धावपट्ट्या डागडुजीसाठी दिवसा काही तास बंद ठेवतात, त्या तारखा आधी जाहीर होतात, त्या टाळा. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण उघडल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांना विमानाचा फायदा कमी झालाय, विशेषतः ठाणे-भिवंडीकडे जायचं असेल तर. पुढे परदेशी जायचं असेल तर तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, हे दोनदा वाचा.

नांदेड–पुणे हा मात्र मराठवाड्यातला सगळ्यात चोख टप्पा. हवाई 364 किलोमीटर, रस्त्याने साडेचारशेच्या घरात आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्र घालवायची. विमानाने घर ते घर साडेतीन-चार तास. सेवा चालू असेल आणि भाडं जमत असेल तर विचार करत बसू नका. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटो काढायला बंदी आहे.

लातूरच्या धावपट्टीचीही लांबी 2,300 मीटर, आणि लातूर–हैदराबाद हवाई अंतर काढलं तर तेही 245 किलोमीटरच निघतं. वर केलेला सगळा हिशेब जसाच्या तसा लातूरला लागू पडतो, विमान तेवढं हवं.

तिकिटावरचा गेट ते गेट वेळ आणखी एका कामाचा आहे. पुरेशी आधी सूचना न देता उड्डाण रद्द झालं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाने मिळणारी भरपाई याच वेळेवर ठरते: तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांना 7,500, त्यापुढे 10,000. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, दोन्हींत जे कमी असेल ते. नांदेड–हैदराबादला तिकिटावर 55 मिनिटं छापली असतील तर पहिला गट, 65 छापली असतील तर दुसरा. ही तफावत तिकिटाच्या पानावर दिसते, म्हणून ते पान जपून ठेवा. दोन तासांहून जास्त उशीर असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, आणि सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड तुमची. काउंटरवर तोंडी विचारून हे मिळत नाही. उशिराचं कारण लेखी मागा, संदेश आला असेल तर त्याचं चित्र घेऊन ठेवा आणि कंपनीच्या तक्रार पानावर त्याच दिवशी टाका.

सामानाचं एवढंच. हातात सात किलोची एक बॅग, विमानाच्या पोटात साधारण पंधरा किलो, तिकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, पोटातल्या बॅगेत सापडली तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात आणि छोट्या विमानतळावर त्यातच वीस मिनिटं जातात. सुकं खोबरं नेऊ नका, ते तेलकट आणि पेट घेणारं म्हणून काढून घेतात. तिखटाची पूड आणि लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, पोटातल्या बॅगेत घाला, बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी आणि वरून दोन पिशव्या. हजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या शीख यात्रेकरूंना देशांतर्गत उड्डाणात कृपाण जवळ ठेवता येतं, पातं सहा इंचांपर्यंत आणि मुठीसह एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. त्याहून मोठी, बाजारातून घेतलेली भेटवस्तूची तलवार किंवा कट्यार पोटातल्या सामानात द्यावी लागते, आणि ती नीट बांधलेली नसेल तर काउंटर बंद व्हायच्या आत पुठ्ठा आणि दोरी शोधत फिरावं लागतं.